हिमालयाचा जावई

गेल्या श्रावणातल्या दुसऱ्या सोमवारी मी गावी होतो. संध्याकाळ झालेली, बाहेर पावसाची नुसती भुरभुर. आमच्या माण तालुक्यात श्रावण येतो तो बहुतेक एवढाच. आत्ती ओसरीवर भिंतीला टेकून बसली होती. तिचं वय तिच्या हिशोबानं ८५, आणि डोळ्यांत आता उजेड-अंधार कळण्यापुरतीच नजर उरली आहे. उपास सोडायला अजून अवकाश होता. सूपभर मटकी पुढ्यात घेऊन ती बोटांनी खडे हुडकत होती. दिसत नसलं तरी या कामात तिची चूक होत नाही. म्हणाली, “आलाच हायस तर येक अध्याव वाच की रं.” मी पुण्याहून शिवलीलामृताची नवी प्रत नेली होती, मोठ्या टाइपातली, पुठ्ठ्याच्या बांधणीची. चष्मा लावला, मांडी घातली आणि पहिला अध्याय सुरू केला. ‘ॐ नमोजी शिवा अपरिमिता’पासून तीन ओव्या बऱ्या गेल्या. चौथीला आवाज जरा चढवून मी म्हणालो, “भक्तवल्लभ तूं हिमनगजा... मात.” सुपातली बोटं थांबली.

“काय म्हनलास?”

मी पुन्हा तेच म्हणालो. मनात अर्थ तयार होता. नग म्हणजे पर्वत, नगजा म्हणजे पर्वताची लेक, पार्वती. शाळेत संस्कृत घेतलं होतं, पुढं मराठीत एम.ए. केलं, गेली तीसेक वर्षं मुद्रितं तपासून पोट भरतो. असा जोडशब्द दिसला की तो कुठं फुटतो हे आपल्याला कळतंच, असं मी धरून चाललो होतो. पुढचा ‘मात’ तेवढा अधांतरी राहत होता, पण जुन्या ग्रंथात असं असायचंच, म्हणून मी पुढं सरकणार होतो. आत्ती अगदी शांतपणे म्हणाली, “हिमनग, जामात. जामात म्हंजी जावई. हिमालयाचा जावई हाय त्यो. मधी नगं तोडूस.” आणि पुन्हा खडे हुडकायला लागली.

आत्ती शाळेची पायरी कधी चढलेली नाही. पेन्शनच्या कागदावर ती अंगठा देते.

त्याच ओवीचा पुढचा अर्धा भाग असा आहे: ‘मस्तकीं स्वर्धुनी विराजित । जातिसुमनहारवत जी’. या वेळी मी वाचून थांबलो आणि विचारलं, “आत्ती, जाति म्हणजे काय गं इथं?” ती म्हणाली, “जाई. जाईचं फूल. डोक्यावर गंगा कशी दिसती, तर जाईच्या हारावानी. पांढरी.” एवढ्या वर्षांत हा अध्याय मी कितीदा तरी ऐकला, वाचला, आणि ‘जाति’ म्हणजे फुलांच्या काहीतरी जाती असतील असं समजून पुढं जात राहिलो. त्या रात्री गोधडी ओढून पडलो तरी झोप लागेना. चूक झाली याचं काही नव्हतं. मुद्रितं तपासणाऱ्याला चुका रोजच्या. मनाला लागलं ते वेगळंच. या घरात शिकलेला मी, हे मी किती सहज धरलं होतं! तीस वर्षं मी सुट्टीला येतो, वर्तमानपत्रातल्या गोष्टी आत्तीला सोप्या करून सांगतो, ती ‘हं, हं’ करत ऐकते. तिला काय येतं, हे मी एकदाही विचारलं नव्हतं. ती स्वतः म्हणते, “मी अडानी.” आम्ही तो शब्द तिच्याकडून घेतला आणि खुशाल तसाच ठेवला.

हे शब्द तिच्याकडं आले आबांकडून, म्हणजे माझ्या आजोबांकडून, आणि आबांकडं ते आले लालबागच्या एका गाळ्यातून. आबा चौथी शिकलेले. सोळाव्या वर्षी मुंबईला गेले आणि पंचविसेक वर्षं गिरणीत विव्हिंग खात्यात माग चालवले. गाळा म्हणजे एक खोली आणि तीत आमच्या पंचक्रोशीतली वीस-बावीस माणसं. एका पाळीची माणसं उठली की दुसऱ्या पाळीची त्याच वळकट्यांवर आडवी व्हायची. प्रत्येकाची एक पत्र्याची ट्रंक, भिंतीला एक खुंटी, जेवण खानावळीत. त्या गाळ्यात श्रावणभर पोथी लावली जायची. आबा मला हे कितीदा तरी सांगायचे, आणि सांगताना त्यांचा आवाज मोठा व्हायचा. मागांच्या खडखडाटात पंचवीस वर्षं काढलेल्या माणसाला हळू बोलता येत नाही. वाचणारा एक आणि अर्थ सांगणारा दुसरा, अशी वाटणी. वाचणारे आबा. अर्थ सांगणारा एक म्हातारा होता, आमच्याच बाजूचा, रंगखात्यातला, आणि त्याला अक्षरओळख नव्हती. कीर्तनात, भजनात, पंढरीच्या वाटेवर ऐकून त्यानं सगळं भरून घेतलं होतं. आबांनी ओवी वाचून थांबायचं, म्हाताऱ्यानं ती उकलायची, बाकीच्यांनी ‘हं’ म्हणायचं. ‘हं’ आला नाही तर आबा पुढं जायचे नाहीत. ‘नीलग्रीव’ हा शब्द आला तेव्हा त्या म्हाताऱ्यानं आपले दोन्ही हात दिव्यापुढं धरले. मनगटापर्यंत निळे, धुऊन न निघणारे. म्हणाला, “हे बघा. असा त्याचा गळा. इख पचवलं तरी रंग ऱ्हातोच.” ही गोष्ट सांगताना आबा स्वतःचे हात पुढं धरायचे. त्यांच्या हातांना तसा रंग नव्हता, पण मला तो दिसायचा.

गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी मिळाली ती १० जून १८९० पासून, नारायण मेघाजी लोखंडे यांच्या कित्येक वर्षांच्या खटपटीनं. लोखंडे सत्यशोधक, पुराणांतलं पुष्कळ काही त्यांना पटणारं नव्हतं. तरी त्यांनी मिळवून दिलेल्या त्या रिकाम्या दिवशी गिरणगावात चाळीचाळींतून टाळ-पखवाज वाजले, भजनी मंडळं उभी राहिली, माणसं ज्ञानेश्वरी आणि गाथा घेऊन बसली. सुट्टी मिळाली की माणूस काय करतो यावरून त्याला कशाची भूक होती ते कळतं असं मला वाटतं. बारा-बारा तास उभं राहून ज्यांच्या पायांच्या शिरा तटतटायच्या, त्यांना झोपेची भूक असणार हे उघड आहे. झोपून उरलेल्या वेळात त्यांनी जे केलं, त्याला आपण ‘विरंगुळा’ म्हणून मोकळे होतो. एका शब्दाच्या अर्थावरून दोन माणसं रात्री अकरापर्यंत भांडतात, तिसरा म्हणतो उद्या माझ्या खात्यातल्या अमक्याला विचारून येतो, आणि खरोखरच विचारून येतो, याला माझ्या मते अभ्यास म्हणायला हवं. गाथेतला तुकोबांचा अभंग त्यांच्यातल्या प्रत्येकाला पाठ होता: ‘वेदाचा तो अर्थ आम्हांसीच ठावा । येरांनी वहावा भार माथां’. आपल्यावतीनं हे कुणीतरी तीनशे वर्षांपूर्वी बोलून गेलंय, एवढ्या भरवशावर ते बसायचे.

आबांची पोथी अजून घरात आहे. लांबट, सुट्या पानांची, लाल बासनात बांधलेली. आबांनी ती घेतली तेव्हाही ती नवी नव्हती. तिच्यात ओळीच्या ओळी सलग आहेत, दोन शब्दांमध्ये जागा सोडलेली नाही. हातानं लिहिलेल्या पोथ्यांची ही रीत शिळाछापात तशीच उतरली. अशी पोथी वाचायची म्हणजे आधी तोडायला शिकायचं. कुठं तोडायचं हे पानावर लिहिलेलं नसतं. ते आधी ऐकलेलं असावं लागतं. मी शिकलो ते सुटे शब्द छापलेल्या पुस्तकांवर. तोडून दिलेलं वाचायची सवय लागलेल्या माणसाला नवा जोडशब्द आला की तो अंदाज करतो, आणि माझा अंदाज अर्ध्या संस्कृतावर चालला. ‘नगजा’ मला माहीत होतं म्हणूनच मी फसलो. आत्तीला ‘नगजा’ माहीत नाही. तिच्या कानात ‘जामात’ होता.

माझ्या धंद्यातही अशी माणसं होती. मी कामाला लागलो तेव्हा खिळ्यांचे छापखाने शेवटच्या घटका मोजत होते, पण होते. एका छापखान्यात एक म्हातारे जुळारी होते, सातवी झालेले. स्तोत्रांची पुस्तकं ते जुळवायचे. जुळवलेली ओळ उलटी वाचावी लागते. ते ती आपण सुलटी वाचतो त्याहून झरझर वाचायचे. एकदा मी तपासून दिलेल्या पानावर त्यांनी नखानं खूण करून ते परत पाठवलं. मी धावत गेलो तर म्हणाले, “साहेब, इथं विसर्ग पडलाय. बोटाला रिकामं लागलं.” त्यांना विभक्ती विचारली असती तर सांगता आली नसती, पण त्या जागेवर काहीतरी असायला हवं हे त्यांच्या बोटाला माहीत होतं. निर्णयसागर छापखाना १८६९ साली काढणारे जावजी दादाजी हे स्वतः लहान वयात अमेरिकन मिशनच्या छापखान्यात टाइप घासायच्या कामाला लागलेले. त्यांच्या छापखान्यातली संस्कृत पुस्तकं पुढं देशोदेशीच्या पंडितांनी प्रमाण मानली. त्या पुस्तकांवर संपादकांची नावं आहेत, आणि असायलाच हवीत. काळबादेवीच्या त्या गल्लीत दिवसभर उभं राहून ती अक्षरं ज्यांनी एकेक करून उचलली, त्यांच्या बोटांत किती कालिदास आणि किती बाणभट्ट राहिला असेल, याचा विचार मी आत्तीपाशी बसलो तोवर कधी केला नव्हता.

शिवलीलामृत लिहिणारे श्रीधर, हे नाव आज पाठ्यपुस्तकात एखाद्या ओळीपुरतं येतं. आमच्याच माणगंगेच्या काठी, खाली पंढरपूरच्या अंगाला नाझरे आहे, ते त्यांचं गाव. हरिविजय १७०२, रामविजय १७०३, पांडवप्रताप १७१२ आणि शिवलीलामृत १७१८. एवढं सगळं त्यांनी लिहिलं ते ऐकणाऱ्याला डोळ्यांपुढं ठेवून. म्हणून तर शिवलीलामृताच्या प्रत्येक अध्यायाच्या शेवटी ‘परिसोत सज्जन अखंड’ अशी विनवणी आहे, आणि ‘गोड हा’ आला की सगळी ओसरी एकदम ‘गोड हा’ म्हणते. स्कंदपुराणाच्या ब्रह्मोत्तरखंडातल्या कथा त्यांनी घेतल्या, पण सोप्या मराठीत आणताना शब्दांची श्रीमंती कमी केली नाही. सामान्य माणसाला झेपेल का, अशी शंका त्यांना आलेली दिसत नाही. आज आम्ही संपादक लोक प्रत्येक ओळीला ही शंका घेतो, कठीण शब्द काढून सोपा घालतो आणि त्याला वाचकाची सोय म्हणतो. ग्रंथ कुठं पुरा झाला ते सांगताना श्रीधर म्हणतात, ब्रह्मकमंडलूच्या तीरी, द्वादशमती नगरीत. दुसऱ्या दिवशी सकाळी चुलीपाशी मी आत्तीला हे विचारलं. मला खरंच जाणून घ्यायचं होतं. ती म्हणाली, “द्वादश म्हंजी बारा. बारामती. आन ब्रह्मकमंडलू म्हंजी कऱ्हा नदी. आबा सांगायचं.” मग भाकरी उलटवत म्हणाली, “गावाचं नाव बी सजवून सांगितलंय बघ, लगनात नवरी सजवत्यात तसं.”

आणि जावई तर तिच्यासाठी पुस्तकातला नव्हताच. आमच्या घराच्या मागच्या अंगणातून स्वच्छ दिवशी शिखर शिंगणापूरचा डोंगर दिसतो. चैत्रात अष्टमीला तिथं शंभू महादेवाचं लग्न लागतं. लांबलांबच्या कावडी मुंगी घाट चढून येतात. तो चढ माणसांनी माणसांना हात देत, दोर धरून, कावड अंगावर तोलून चढायचा. आत्ती पोरवयात आबांच्या खांद्यावरून गेली, मोठेपणी पायी गेली, गुडघे गेल्यावर अंगणातूनच अक्षता टाकू लागली. दरवर्षी ज्याच्या वऱ्हाडात आपण जातो तो कुणाचा जावई हे माहीत नसेल तर नवल. श्रीधरांनी ‘जामात’ लिहिलं तेव्हा ऐकणारी माणसं ओवी समजायला लग्नघरातून उठून आलेली होती. मला ती ओवी भाषेचं कोडं म्हणून भेटली, आणि मी ती कोड्यासारखी सोडवायला गेलो.

ओवीबद्दल एक गोष्ट मला फार आवडते. चालुक्य राजा सोमेश्वरानं ११२९ च्या सुमाराला एक मोठा संस्कृत ग्रंथ लिहिला, मानसोल्लास. त्यात तो गाण्यांचे प्रकार सांगताना लिहितो की महाराष्ट्रात बायका कांडताना ओवी गातात. ज्ञानेश्वरी पुरी झाली १२९० साली. म्हणजे ज्ञानदेवांनी गीता सांगायला जो छंद उचलला, तो त्याआधी दीडशे-पावणेदोनशे वर्षं तरी उखळापाशी, मुसळाच्या ठेक्यावर बायकांच्या तोंडी होता. पंडितांनी तो बांधला, यमकं नेमली, त्यात वेदांत भरला. मग तोच छंद पोथीत बसून, बासनात गुंडाळून, हळदकुंकू लावून पुन्हा ओसरीवर आला आणि माजघरातल्या बाईनं तो उंबऱ्याआडून ऐकला. आत्ती सांगते, गावात पिठाची चक्की यायच्या आधी ती पहाटे दळताना पोथीच म्हणायची. पोथीच्या ओवीला तीन चरण यमकाचे आणि चौथा मोकळा. तीन चरण होईतो जातं ओढायचं, चौथ्या चरणाला दुसऱ्या हातानं वैरण घालायची. तिनं मला हात फिरवून दाखवलं. ‘भाललोचन नीलग्रीव उमानाथ’ म्हणताना मनगट गोल फिरत होतं आणि ‘हारवत जी’ला मूठ खाली उघडली. छंदाची व्याख्या मी परीक्षेत लिहून गुण मिळवले आहेत. त्या उघडलेल्या मुठीत चौथा चरण मोकळा का, हे मला पहिल्यांदा दिसलं.

इथवर लिहिलं आणि दोन दिवस थांबलो, कारण पुढचं लिहायला जड आहे.

आबा मुंबई सोडून गावी आले ते १९५४ च्या सुमाराला, छाती धरली म्हणून. आल्यावर त्यांनी देवळापुढच्या पारावर श्रावणात पोथी लावली. आत्ती तेव्हा चौदा-पंधराची. ती सांगते, पार भरायचा, आणि पाराच्या पलीकडं, लिंबाच्याही पलीकडं, गावकुसाबाहेरच्या वस्तीतली माणसं येऊन बसायची. अंधारात. कंदिलाचा उजेड तिथवर जात नव्हता, आबांचा गिरणीतला आवाज जायचा. “हं” तिकडून पण यायचा, आत्ती म्हणते, आणि कधीकधी पारावरच्यांच्या आधी यायचा. मी विचारलं, “आबांनी त्यांना पारावर बोलावलं का कधी?” आत्ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, “न्हाई बोलवलं.” लालबागच्या त्या गाळ्यात निळ्या हातांच्या म्हाताऱ्याला गुरू मानलेला हा माणूस. ‘वेदाचा तो अर्थ आम्हांसीच ठावा’ अभिमानानं म्हणणारा. आवाज पोचवला, चार पावलं पुढं जाऊन हात नाही धरला. १९५७ च्या श्रावणात लिंबाच्या पलीकडं कुणी नव्हतं. त्याआधीच्या १४ ऑक्टोबरला नागपुरात दीक्षा झाली होती. माणसं त्या पोथीतून, त्या अंधारातून, उठून गेली होती. बरं केलं त्यांनी. आत्ती म्हणते आबा त्या वर्षीही तेवढ्याच मोठ्यानं वाचायचे, आणि ओवी संपली की लिंबाकडं बघायचे.

रामजी सुभेदारांची आठवण इथं येते. कबीरपंथी माणूस, लष्करातला पेन्शनर. मुलांना बसवून रामायण-महाभारत वाचून घ्यायचा, तसं बाबासाहेबांनी स्वतःच लिहून ठेवलंय. ७ नोव्हेंबर १९०० ला बाबासाहेब आमच्याच जिल्ह्याच्या गावी, साताऱ्यात, शाळेत दाखल झाले. पुढं ते कुटुंब मुंबईत परळच्या चाळीत राहिलं, गिरण्यांच्या भोंग्यांत. घरात जुने कवी आणि पुराणं पाठ होत होती, आणि हायस्कुलात मुलगा संस्कृत घ्यायला गेला तर घेऊ दिलं नाही. फारसी घ्यावी लागली. संस्कृत ते नंतर स्वतःच्या हिमतीवर शिकले. आबांचा गाळा आणि सुभेदारांची चाळ यांत चालत जाण्याएवढं अंतर. आमच्या कष्टकऱ्यांच्या विद्येचं कौतुक करताना मला ती चाळही आठवायला हवी आणि तो लिंबही. एकाच ओवीला कोण कुठं बसून ‘हं’ म्हणत होतं, हे विसरलं तर ते कौतुक माझ्या तोंडी शोभत नाही.

आत्तीचंही तसंच. ती ऐकायची ते उंबऱ्याच्या आतून, नाहीतर पाराच्या कडेला, हातात कायम काहीतरी काम घेऊन. निवडणं, टिपणं, वाती वळणं. माझे वडील तिच्याहून चार वर्षांनी लहान. त्यांना शाळेत घातलं. तिला घातलं नाही. पुढं लग्न झालं आणि पाच वर्षांत ती माहेरी परत आली, विधवा होऊन, आणि इथल्याच रानात राबली. तिच्या पाठांतराचं मला नवल वाटत होतं, म्हणून मी भाबडेपणानं म्हणालो, “आत्ती, तुला वाचता येत नाही तेच बरं झालं की, सगळं तोंडपाठ राहिलं.” ती एकदम माझ्याकडं वळली. दिसत नसलेल्या डोळ्यांनी माणूस आपल्याकडं बघतो तेव्हा आपण अंग चोरतो, तसं मी केलं. ती म्हणाली, “बरं कसं? श्रावण सरला की पोथी बासनात. वाचाय आलं असतं तर रातीला, येकटीला, कवाबी वाचलं असतं.” मग थोड्या वेळानं: “पाठ का केलं, तर आपल्या हातात दुसरं काय नव्हतं.” हे वाक्य तिनं तक्रारीच्या सुरात म्हटलं नाही. मला मात्र त्यानंतर तिच्या पाठांतराला नुसतं धन्य म्हणवत नाही. त्यात जेवढं धन आहे तेवढीच कोंडीही आहे, आणि एकातून दुसरं वेगळं काढता येत नाही.

गाळे गेले. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास माणसं बाहेर पडली आणि त्यातली बहुतेक परत आत गेलीच नाहीत. आमच्या गावात त्या वर्षी ट्रंका परत आल्या. कुणाच्या ट्रंकेत टाळ होते, कुणाच्यात भजनाच्या वह्या, तेलाचे डाग पडलेल्या, अक्षर कसलेलं. त्या वह्यांचं पुढं काय झालं हे मी घरोघर विचारलं. एका घरात एक मिळाली. बाकीच्यांनी खांदे उडवले. पारावर अजून श्रावणात पोथी लागते, पण आता वाचतो स्पीकर. ध्वनिमुद्रण स्वच्छ आहे, उच्चार शुद्ध आहेत, आणि ‘हं’साठी तो थांबत नाही.

निघायच्या आदल्या दिवशी मी देव्हाऱ्यातून आबांची पोथी काढली. बासन सोडलं तसा कापूर आणि जुन्या कागदाचा वास आला. पानांच्या कडा हळदीनं पिवळ्या, उजव्या कोपऱ्याला अंगठ्याचा काळपट गोल, पानोपानी एकाच जागी. त्यातून वाचणं माझ्या डोळ्यांना अवघड, म्हणून मी आत्तीला म्हणालो, “आज तू म्हण, मी पोथीत बघतो.” ती आधी नको म्हणाली, मग पदर सारखा केला, हात जोडले आणि सुरू केलं. आबांचाच सूर, फक्त बारीक. मी सलग ओळींवरून बोट फिरवत तिच्या मागं चाललो होतो. ‘हिमनगजामात’ आला, एका दमात, मध्ये केसाएवढी फट न पडता. मग कुठंतरी पुढं, एका ओवीच्या ऐन मध्यात, शब्द पुरा व्हायच्या आत, ती थांबली. श्वासभर. मला वाटलं विसरली. सांगणार तेवढ्यात ती पुढं गेली. थोड्या वेळानं पुन्हा तसंच, पुन्हा अर्ध्या ओवीत, जिथं थांबायचं काही कारण नाही अशा जागी. तिसऱ्यांदा ती थांबली तेव्हा मी बोटाकडं पाहिलं. बोट पानाच्या शेवटच्या अक्षरावर होतं. मी मागची दोन पानं काढून पाहिली. तिथंही तेच.

आबा तिथं पान उलटायचे.

मी तिला काही सांगितलं नाही. चौथ्यांदा ती थांबली तेव्हा अंगठा त्या काळपट गोलावर ठेवून मी पान उलटलं. कागद वाजला, तसा तिनं पुढचा शब्द उचलला.